रीफ टँकमध्ये दगडाबरोबर काय काय आलंय? ओळखायला मदत हवी

निवळशंख
नमस्कार मंडळी. मी टँपाला, फ्लोरिडात राहते. घरी ७५ गॅलनचा, म्हणजे साधारण २८० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक सुरू केला आहे. कोरडे दगड मिळत होते, पण मी मुद्दाम लाइव्ह रॉक, म्हणजे समुद्री जीव वाढलेला दगड, घेतला. इथे समुद्रातला नैसर्गिक लाइव्ह रॉक उचलायला केव्हाच बंदी आली. आता खाणीतला चुनखडीचा दगड भाडेपट्ट्याच्या जागेत समुद्रतळावर टाकतात आणि काही वर्षांनी त्यावर जीव धरला की काढून विकतात. माझा दगड तसाच आहे, आणि ओलाच आणला. स्पंज, गुलाबी शैवाल, बारीक कालवं, सगळं जिवंत. त्याबरोबर इतर इतकं काही आलंय की रात्री दिवे मालवले की मी लाल टॉर्च घेऊन काचेपाशीच बसते.

फोटो खाली दिले आहेत. पहिल्यात एक किडा आहे, गुलाबी-करडा, बोटभर लांब, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुबके. उजेड पडला की भोकात जातो. दुसऱ्यात तपकिरी, जवळजवळ पारदर्शक छोटं समुद्रफूल आहे. लांब बारीक शुंडकं, आणि पिपेटचं टोक जवळ नेलं की क्षणात गायब. अशी पाच-सहा ठिकाणी दिसतात. तिसरा खेकडा. नखाएवढा, गडद जांभळा, नांग्यांची टोकं काळी.

चौथ्याचा फोटो नाही, कारण तो दिसलेलाच नाही. फक्त आवाज येतो. टिक! एकदम स्पष्ट, काचेवर कुणी नाणं मारावं तसा. रात्री जास्त. आणि गेल्या आठवड्यापासून माझे शंख मरताहेत. शैवाल खायला आणलेल्या शंखांपैकी काहींची कवचं फुटलेली सापडली.

टँकमध्ये अजून मासे नाहीत, थोडी मऊ प्रवाळं आहेत. इथल्या एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले, सगळा दगड काढा, मोठ्या पातेल्यात उकळा, प्रश्न मिटला. मला ते पटत नाही. जिवंत दगड घेऊन तो मारायचा कशाला? माझं म्हणणं, आधी ओळखावं, मग ज्याला काढायचं त्यालाच काढावं. पण ओळखायचं कसं ते जाणकारांनी सांगा.

रसायनवाला
बाकीचं नंतर. आधी हे वाचा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा: लाइव्ह रॉक कधीही उकळायचा नाही. गरम पाणी ओतायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा नाही, वाळवून ब्रशने घासायचा नाही.

कारण दगडावर झोअँथिड असू शकतात, ज्यांना या छंदातले लोक झोआ आणि पाली म्हणतात. बटणांसारखी दिसणारी, गालिच्यासारखी पसरणारी. त्यांतल्या काहींमध्ये, विशेषतः पालिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन असतं. निसर्गात सापडलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी हे एक. हवाईतल्या माउई बेटावर हानाजवळच्या एका खडकातल्या डबक्यातलं शेवाळ विषारी आहे असं तिथले लोक पिढ्यानपिढ्या मानत. ते शेवाळ नसून पालिथोआ निघाला आणि १९७१ साली त्यातून हे विष वेगळं करण्यात आलं. उकळल्याने ते नष्ट होत नाही, उलट वाफेच्या तुषारांबरोबर घरभर पसरतं. ताप, थंडी, छाती भरून येणं, तोंडाला धातूची चव. २०१८ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या एका घरात टँकमधलं प्रवाळ साफ करताना हे घडलं. अख्खं कुटुंब आणि मदतीला आलेले अग्निशामक दलाचे लोकसुद्धा रुग्णालयात दाखल झाले होते.

दगड हाताळताना हातमोजे आणि चष्मा. हाताला जखम असेल तर टँकमध्ये हात घालूच नका. हे भीती घालायला लिहीत नाही. झोआ माझ्याकडेही आहेत आणि मला ते फार आवडतात. पण उकळण्याचा सल्ला अजून दिला जातो याचा खरंच संताप येतो.

निवळशंख
बाप रे. हे माहीत नव्हतं. एका दगडाच्या खालच्या बाजूला तशी तपकिरी बटणं आहेत. मनापासून आभार.

खाऊगल्ली
तिसरा फोटो पाहून मला रस्साच आठवला. जाणकारांनो, चालू द्या, मी फक्त वाचतोय.

प्रवाळवेडा
निवळशंख ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मी मेलबर्नला असतो, या छंदात बरीच वर्षं आहे. दगडाबरोबर येणाऱ्यांपैकी बहुतेक जीव निरुपद्रवी असतात किंवा थेट उपयोगाचे. ज्यांच्यासाठी लोक पैसे देऊन बाटल्या विकत घेतात ते कोपेपॉड आणि अँफिपॉड हे बारीक कवचधारी जीव तुम्हाला फुकट मिळाले आहेत.

दुसरा फोटो एप्टेझिया. शंकाच नको. लांब देठ, टोकदार पारदर्शक शुंडकं, आणि स्पर्श होताच आत ओढून घेण्याचा तो वेग. याला मात्र लगेच आवरा. प्रवाळाला डंख मारतं आणि वाढतं भराभर. खरवडून काढायला जाऊ नका. तळव्याचा लहानसा तुकडा दगडाला चिकटून राहिला तरी त्यातून नवं तयार होतं.

करायचं असं. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला चुना, आरओच्या पाण्यात घट्ट कालवा. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये भरा. टँकचे पंप बंद करा. एप्टेझिया पूर्ण उघडलेलं असताना हळूच त्याच्या तोंडावर थेंब सोडा, म्हणजे ते मिटताना चुना आत ओढून घेतं. वरून आणखी थोडा थर द्या. अर्ध्या तासाने पंप चालू. एका वेळी तीन-चारच करा, नाहीतर पाण्याचा पीएच चढतो. त्यापेक्षा सोपं म्हणजे पेपरमिंट कोळंबी आणा, ती एप्टेझिया खाते. ती तुमच्याच किनाऱ्यावरची आहे.

पहिला फोटो ब्रिसल वर्म. राहू द्या. उरलेलं खाणं, मेलेले जीव, सगळं साफ करतो. वाळू उकरतो. टँकमधला सर्वांत कष्टाळू प्राणी आहे.

पानपट्टी
चुना म्हणताय तर डबीतला चालेल का? इथे देशी दुकानात मिळतो.

प्रवाळवेडा
@पानपट्टी, नको. खायच्या तयार चुन्यात तेल, सुगंध, आणखी काय काय घातलेलं असू शकतं. लोणच्यासाठी जो कॅल्शियम हायड्रॉक्साइड विकतात तो घ्या, वेष्टनावर दुसरा कुठलाही घटक नसलेला.

अमृता_डॅलस
पेपरमिंट कोळंबी घेताना एक काळजी घ्या. दुकानात तिच्याच शेजारी, कधीकधी तिच्याच नावाने, कॅमल श्रिम्प ठेवलेली असते. ती प्रवाळ खाते. पेपरमिंटच्या अंगावर लाल उभ्या रेघा असतात, मधलं अंग काचेसारखं. कॅमलला पाठीवर कुबड, मोठे डोळे, आणि लाल रंगात पांढऱ्या रेघा आणि ठिपके. पांढरं दिसलं तर घेऊ नका.

आणि ब्रिसल वर्मबद्दल मी सहमत नाही. माझ्याकडे एक हातभर वाढला होता. दगड हलवताना बोटाला लागला तर दोन दिवस आग होत होती. दिसतील तसे काढा असंच माझं मत.

प्रवाळवेडा
अमृता, हातभर वाढला याचा अर्थ त्याला तेवढं खायला मिळत होतं. ब्रिसल वर्म वाढले की खाणं कमी करायचं, ते आपोआप कमी होतात. काटे टोचले तर सेलोटेप चिकटवून ओढा, वर व्हिनेगर लावा. हातमोजे तर रसायनवाल्यांनी सांगितलेच आहेत.

पण तुमच्या भीतीतही तथ्य आहे, कारण सगळे केसाळ किडे एक नसतात. खरा फायरवर्म, हर्मोडायसी, कॅरिबियन आणि फ्लोरिडाच्या पाण्यात असतो आणि तो प्रवाळं खातो. त्याचं अंग जाडजूड, दोन्ही कडांना लालभडक कल्ले आणि पांढरेशुभ्र दाट झुबके, आणि डोक्यावर वळ्यावळ्यांचा मांसल तुरा. तो दिवसाढवळ्या प्रवाळाच्या टोकावर चढून ते तोंडात घेतो. ताईंच्या फोटोतला किडा सडपातळ आहे, झुबके विरळ आहेत आणि तुरा नाही. तो साधा.

अमृता_डॅलस
तुरा पाहायचा हे नवीन कळलं. तरी माझ्या टँकमध्ये मी काढणारच.

सिंगापूरकर
किड्यांचा विषय निघालाच आहे तर बॉबिट वर्म सांगायला हवा. इंग्लंडमध्ये न्यूकी इथल्या ब्लू रीफ ॲक्वेरियममध्ये २००९ साली मासे जखमी व्हायला लागले, प्रवाळं मधोमध कापलेली सापडायला लागली. शेवटी अख्खी सजावट उपसली तेव्हा सुमारे चार फुटी किडा निघाला. तोही दगडाबरोबरच छोटासा आला असणार असा त्यांचा अंदाज होता.

ओळख अशी: डोक्यावर पाच मिशा, अंगावर इंद्रधनुषी चकाकी, मानेशी पांढरा पट्टा. मात्र पाच मिशांचे सगळे किडे वाईट नसतात, त्या कुळातले बरेचसे शैवाल आणि कुजकं खाऊन जगतात. पांढरा पट्टा आणि आकार दोन्ही बघा.

आता मुख्य गोष्ट. टिक आवाज आणि फुटलेले शंख. निवळशंख, तुमच्याकडे मॅंटिस श्रिम्प, म्हणजे कोळंबीसारखा दिसणारा शिकारी प्राणी, आहे असं मला वाटतं. मेक्सिकोच्या आखातातल्या दगडात तो नेहमी येतो. दोन प्रकार असतात, भाला मारणारे आणि मुद्गल मारणारे. शंख फोडणारा दुसरा. मोठ्या मोरपंखी जातीचा ठोसा सेकंदाला २३ मीटर वेगाने बसतो, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या वर. तुमच्याकडचा छोटाच असेल, पण शंख, खेकडे आणि पुढे लहान मासे, कशाचीच खैर नाही. ज्या भोकातून आवाज येतो तो दगड बाहेर काढा आणि भोकात थंड सोडा वॉटर सिरिंजने सोडा. तो बाहेर उडी मारतो.

देवगडकर
मी टँकवाला नाही, किनाऱ्यावरचा आहे. पण फुटलेल्या शंखांचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे ओहोटीला खडकांवर कालवं काढायला बायका जातात, त्यांना कुठल्या कपारीत खेकडा आहे हे नेमकं कळतं. कपारीच्या तोंडाशी ताजी टरफलं पडलेली असतात. खाणारा जेवल्यावर ताट बाहेर टाकतो. ताई, तुम्ही फुटलेले शंख कुठे सापडले ते बघा. टँकभर की एकाच भोकासमोर? आणि फुटलेत कसे तेही बघा. मधे भोक पडलंय की तोंडाच्या कडेपासून कुरतडत गेलंय?

निवळशंख
देवगडकर दादा, तुमचा प्रश्न वाचून सगळी कवचं बाहेर काढून टेबलावर मांडली. मधे भोक एकालाही नाही. सगळ्यांची तोंडाची कड तुटली आहे आणि तिथून वळणावळणाने आत आत तुकडे पाडलेत, नारळाची करवंटी कडेने फोडत न्यावी तशी. बहुतेक सगळी डाव्या दगडाखाली सापडली. पण टिक आवाज उजवीकडून येतो. माझ्या मुलाने काचेला कान लावून खात्री केली.

देवगडकर
मग दोन वेगळे प्राणी आहेत. कडेने कुरतडणं हे खेकड्याचं काम.

सिंगापूरकर
हे मी लक्षातच घेतलं नव्हतं, बरोबर आहे. मुद्गलवाला मॅंटिस कवचाचा चुरा करतो, कड सोलत बसत नाही. तरी आवाजाचा उलगडा हवाच.

शिंपला
मी फ्लोरिडातल्या नेपल्सला राहतो, तुमच्याच किनाऱ्यावर दक्षिणेला. खेकड्याचा तिसरा फोटो मोठा करून पाहिला. तो काळ्या टोकांचा केसाळ खेकडा, ज्याला इथले लोक गोरिला क्रॅब म्हणतात, तो नाही. याच्या पायांवर केस नाहीत. एक गोष्ट तपासा. नांगीच्या अलीकडच्या सांध्यावर, मनगटाच्या जागी, प्रत्येक बाजूला एक पांढरा ठिपका आहे का? असेल तर हा स्टोन क्रॅबचं पिल्लू आहे. लहानपणी गडद निळा-जांभळा असतो आणि हा पांढरा ठिपका पक्का. मोठा झाला की तपकिरी-करडा होतो, आणि नांगी इतकी जबरदस्त की कालवं फोडून खातो. शंख त्याला काहीच नाहीत.

निवळशंख
आहे! दोन्ही बाजूंना, टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका. आत्ता भिंगातून पाहिला.

खाऊगल्ली
स्टोन क्रॅब म्हणजे तोच ना, फ्लोरिडातल्या हॉटेलांत ज्याच्या फक्त नांग्या मिळतात?

शिंपला
तोच. १५ ऑक्टोबर ते १ मे हंगाम असतो. पकडायचा, मापात बसणारी नांगी काढायची आणि खेकडा परत पाण्यात सोडायचा असा इथला नियम आहे. नांगी पुन्हा उगवते. त्यावर इथे मोठा व्यवसाय उभा आहे. ताईंचा नखाएवढा आहे, त्याला खाऊ नका.

रसायनवाला
आता आवाजाकडे वळू. मॅंटिस आणि पिस्टल श्रिम्प (नांगीने आवाज काढणारी कोळंबी), दोघांचा आवाज ऐकून भल्याभल्यांना फरक करता येत नाही. पाहावंच लागेल. मॅंटिसचे डोळे लांब देठांवर असतात, ते वेगवेगळ्या दिशांना फिरतात आणि तो तुमच्याकडे टक लावून बघतो. पुढचे पाय अंगाखाली घडी घातलेले. पिस्टल श्रिम्पचे डोळे कवचाच्या टोपीखाली झाकलेले असतात, जवळजवळ दिसतच नाहीत, आणि दोनपैकी एक नांगी अंगाच्या मानाने प्रचंड मोठी असते.

तो आवाज दोन नांग्या आपटून येत नाही. मोठी नांगी मिटते तेव्हा पाण्याची एक धार उडते, तिच्यामागे बुडबुडा तयार होतो आणि तो बुडबुडा कोसळतो त्याचा आवाज. हे २००० साली वेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून सिद्ध झालं. बुडबुडा कोसळताना क्षणभर आत हजारो अंश तापमान होतं आणि प्रकाशाचा कणभर झोतही निघतो, डोळ्यांना न दिसणारा. उष्ण समुद्रात पाण्याखाली माइक सोडला की जो सततचा तडतड आवाज ऐकू येतो त्यात मोठा वाटा यांचाच असतो. तुमच्या घरात, काचेच्या पलीकडे हे चाललं आहे याचं मला फार अप्रूप वाटतं.

उजव्या दगडाच्या बिळापाशी कोळंबीचा लहानसा तुकडा काडीला लावून धरा. लाल उजेडातच.

पुण्याहून_रीफ
धागा फार आवडला. मलाही पुण्यात रीफ टँक करायचा आहे. मालवणला वर्षातून दोनदा जाणं होतं. तिथून एखादा दगड आणला तर?

ओहोटी
@पुण्याहून_रीफ, कृपया नको. भारतात रीफ बांधणारी सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्रकाकड्या, समुद्रघोड्यांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. दगडावर मूठभर प्रवाळ असलं तरी तो गुन्हा, आणि ते मेलेलं असलं तरीसुद्धा. कोरडे कृत्रिम दगड घ्या. त्यावर जीव धरायला वेळ लागेल, पण धरतो.

आणि पाहायचंच असेल तर मुंबईला या. मी ओहोटीच्या फेऱ्यांना जाते. मरीन लाइफ ऑफ मुंबई हा नागरिकांचा गट २०१७ पासून अशा फेऱ्या काढतो. हाजीअलीच्या खडकांवर, एवढ्या घाण पाण्यात, झोअँथिडचे हिरवे-तपकिरी गालिचे पसरलेले आहेत. समुद्रफुलं, रंगीत गोगलगायी, आणि दगडांच्या फटींतून हाच टिक टिक आवाज! पहिल्यांदा ऐकला तेव्हा गटातला प्रत्येकजण खाली वाकून कान देत होता. नियम एकच, हात लावायचा नाही आणि उचललेला दगड होता तसा परत ठेवायचा. दगडाखालच्या बाजूला जगणारे जीव उलटे पडून उन्हात राहिले तर मरतात.

पुण्याहून_रीफ
कायद्याचं खरंच माहीत नव्हतं. कोरड्या दगडानेच सुरुवात करतो. फेरीची चौकशीही करतो.

अमृता_डॅलस
कोरड्या दगडाने सुरुवात केली तरी प्रवाळाचा फ्रॅग, म्हणजे छोटा तुकडा, आणला की तो ज्यावर चिकटवलेला असतो त्या प्लगवरून सगळं येतंच. त्यामुळे ओळख शिकावीच लागते. प्रत्येक फ्रॅगला डिप द्या, म्हणजे औषधाच्या पाण्यात बुडवा, पण डिपने किडे मरतात, त्यांची अंडी नाही. मॉन्टिपोरा जातीचं प्रवाळ खाणाऱ्या पांढऱ्या गोगलगायीची अंडी प्लगच्या खालच्या बाजूला असतात. मी जुना प्लग तोडून टाकते आणि प्रवाळ नव्या प्लगवर चिकटवते.

सिंगापूरकर
फ्रॅगवरचे खेकडे मात्र विचार करून काढा. पोसिलोपोरा आणि ॲक्रोपोरा या प्रवाळांच्या फांद्यांत बसणारे गुळगुळीत पाठीचे छोटे खेकडे, ट्रपेझिया आणि टेट्रालिया, प्रवाळाचा चिकट स्राव खातात आणि त्याचं रक्षण करतात. काटेरी तारामासा प्रवाळ खायला चढला तर त्याच्या पायांना चिमटे काढून हाकलतात. त्यांना काढणं म्हणजे प्रवाळाचं नुकसान.

निवळशंख
दिसला! उजव्या दगडाखाली वाळूत बोगदा केलाय. आधी मिशा बाहेर आल्या, मग एक भली मोठी नांगी, दुसरी अगदी किरकोळ. डोळे खरोखर टोपीखाली झाकलेले. काडीवरचा तुकडा घेतला आणि आत जाताना टिक! मी आणि मुलगा दोघंही ओरडलो. पिस्टल श्रिम्पच आहे. मिशांवर लाल-पांढरे पट्टे आहेत.

आता गोबी मासा आणला तर जोडी जमेल का? व्हिडिओत पाहिलंय, कोळंबी बीळ खणते आणि गोबी पहारा देतो.

प्रवाळवेडा
लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या मिशा म्हणजे बहुधा ॲल्फियस आर्मेटस. तो कॅरिबियन-फ्लोरिडाचा आहे आणि त्याची जोडी माशाशी नसते, बार्थोलोमिया नावाच्या समुद्रफुलाशी असते. त्याच्या शुंडकांखाली राहतो आणि कुणी समुद्रफुलाला त्रास द्यायला आलं तर नांगी वाजवतो. त्यामुळे बाजारातला हिंद-प्रशांत महासागरातला गोबी आणून जोडी जमेल अशी आशा ठेवू नका.

तुमच्या दगडावर बार्थोलोमिया आलंय का ते बघा. शुंडकांवर स्प्रिंगसारखे वळसे असतात. त्यामुळेच सांगतो, चुना घेऊन बसायच्या आधी प्रत्येक समुद्रफूल नीट तपासा. पिल्लू असताना ते एप्टेझियासारखंच दिसतं.

निवळशंख
एकाच्या शुंडकांवर वळसे आहेत! बोगद्याच्या अगदी वर. मी त्यालाही एप्टेझिया समजत होते. त्याला हात लावत नाही.

म्हणजे माझा हिशोब असा झाला. ब्रिसल वर्म राहणार. पिस्टल श्रिम्प आणि त्याचं समुद्रफूल राहणार. एप्टेझियाला चुना आणि पेपरमिंट कोळंबी. खेकडा काढायचा, पण मारायचा नाही. पकडायचा कसा? आणि इथे समुद्र अर्ध्या तासावर आहे, तिथे सोडला तर चालेल ना, तो तिथलाच आहे?

शिंपला
पकडायला काचेचा गुळगुळीत उंच पेला घ्या. आत कोळंबीचा तुकडा टाका आणि रात्री पेला दगडाला तिरका टेकवून ठेवा, भोकाच्या जवळ. खेकडा दगडावरून आत उतरतो, काचेवरून परत चढता येत नाही. सकाळी पेल्यात मिळेल. नाही मिळाला तर तो दगड बादलीत जास्त खारट पाण्यात, १.०३५ घनतेच्या, काही मिनिटं बुडवा. बरेच जीव आपणहून बाहेर येतात.

पण समुद्रात सोडू नका. तो इथलाच असला तरी तुमच्या टँकमध्ये जगभरातली प्रवाळं आणि त्यांच्यावरचे सूक्ष्मजीव आहेत, ते त्याच्याबरोबर जातील. लायनफिश पाहा, १९८५ साली डेनिया बीचजवळ पहिला दिसला, आणि आता कॅरिबियनभर पसरून स्थानिक मासे फस्त करतो आहे. टँकमधलं पाणी, दगड, जीव, काहीही समुद्राकडे परत जाता कामा नये. खेकडा सम्पमध्ये, म्हणजे टँकला जोडलेल्या खालच्या वेगळ्या टाकीत ठेवा, एखाद्या दगडासकट. कालवाचा तुकडा दिलात तर मजेत राहील.

देवगडकर
हे फार महत्त्वाचं सांगितलंत. किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी तर जास्तच.

निवळशंख
सकाळी पेल्यात सापडला. आता सम्पमध्ये आहे. मुलगा शाळेत निघण्याआधी त्याला बघून गेला. सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः टरफलं बघायला सांगितल्याबद्दल.

नवखी_सिअ‍ॅटल
याच धाग्यात विचारते. माझ्या दगडावर बारीक कडक पांढऱ्या नळ्या आहेत, काठ धारदार, हाताला लागतात. रात्री त्यांतून कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा निघतो आणि शेजारचं प्रवाळ मिटून बसतं. हा कुठला किडा?

सिंगापूरकर
किडा नाही, शंखच आहे. व्हर्मेटिड. एकदा चिकटला की हलत नाही, चिकट जाळं सोडून अन्नकण धरतो आणि जाळंच गिळतो. प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरच्या संशोधनात मोठ्या व्हर्मेटिडांच्या शेजारी प्रवाळांची वाढ खुंटते असं दिसलं आहे, म्हणजे तुमचं निरीक्षण अचूक आहे.

हे शंख जगभर प्रवास करतात याचंही एक उदाहरण देतो. फ्लोरिडा कीज बेटांजवळ २००९ साली व्हॅंडेनबर्ग नावाचं जहाज कृत्रिम रीफसाठी मुद्दाम बुडवलं. त्यावर २०१७ साली एका पिवळ्याधमक व्हर्मेटिडची नवी जात वर्णन केली गेली, आणि तिचे जवळचे नातलग प्रशांत महासागरात आहेत.

अमृता_डॅलस
@नवखी_सिअ‍ॅटल, नळीचं तोंड सुपरग्लू जेलने बंद करायचं. दगड बाहेर काढा, तोंडावर पेपर नॅपकिनने पाणी टिपा, थेंब लावा, मिनिटभर थांबा. नळी तोडली तर आतला प्राणी आत खोलवर ओढला जातो आणि पुन्हा नळी बांधतो, म्हणून तोडण्याऐवजी बुजवा. फ्रॅगच्या प्लगवर असतील तर आधी तिथून सुरुवात करा. आणि पावडरचं खाणं टाकत असाल तर ते कमी करा, त्यावरच ते वाढतात.